परदेशातून: तीन मिनिटांचा 'अगोरा'

वसईतल्या आमच्या ख्रिस्ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच विषय आहे. २००९ च्या 'अगोरा' सिनेमातली तीनेक मिनिटं कुणीतरी कापून फिरवली. काळ्या कपड्यांतले ख्रिस्ती लोक प्राचीन इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या मंदिरात घुसून ग्रंथांची नासधूस करताहेत आणि खाली लिहिलंय, 'हीच यांची दया'. गाव संतापलंय. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल न्याय संहितेच्या २९९ कलमाखाली तक्रार करायची ठरतेय. यादीत तुझं नाव घालू का, असं धाकट्या भावानं विचारलं.

नको घालूस.

मी माल्टात राहतो. हा सिनेमा इथेच चित्रित झाला. बंदराच्या तोंडाशी फोर्ट रिकासोली आहे, तिथे अलेक्झांड्रिया उभारली होती. इथे येऊन तो पूर्ण पाहिला तेव्हा मलाही लागलं. अलेक्झांड्रियाचे बिशप सिरिल आपल्याला संत म्हणून ठाऊक, आणि सिनेमात त्यांच्याच चिथावणीनं ४१५ साली गणितज्ञ हायपेशियाला जमाव मारतो. रात्रभर झोप नव्हती.

मग वाचायला घेतलं. हायपेशियाच्या खुनाची हकीकत पहिल्यांदा सविस्तर लिहिली ती त्याच शतकातल्या सॉक्रेटिस या चर्चच्या इतिहासकारानं. तो स्वतः ख्रिस्ती. या कृत्यानं सिरिलना आणि अलेक्झांड्रियाच्या चर्चला बट्टा लागला, ख्रिस्ताच्या माणसांना खूनखराबा शोभत नाही, असं त्यानं स्पष्ट म्हटलंय. जे आपल्याच माणसानं लिहून ठेवलं, ते पडद्यावर आलं म्हणून पोलिसात जायचं?

सिनेमात चुका आहेत, त्या जरूर दाखवाव्यात. पडद्यावरची हायपेशिया फारच तरुण आहे. ग्रहांची लंबवर्तुळाकार कक्षा तिला सापडते, ती खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६०९ मध्ये मांडली. ३९१ च्या सुमारास मंदिर पाडताना ग्रंथ नष्ट केल्याचं त्या काळचे लेखक सांगत नाहीत. यातलं एकही ग्रुपवर कुणी लिहिलेलं नाही.

आणि त्या तीन मिनिटांत न आलेला एक प्रसंग. दाव्हूस नावाचा गुलाम मालकासाठी आणलेले पाव चर्चमधल्या भुकेल्यांना वाटून टाकतो. पहिला पाव देताना त्याचा हात अडखळतो, मग थांबतच नाही. ज्याला आयुष्यात काही द्यायला मिळालं नाही तो देतोय. पहिल्या शतकांतली श्रद्धा गोरगरिबांत का पसरली, ते मला त्या हातांत दिसलं.

माल्टानं धर्मनिंदेचा कायदा २०१६ मध्ये रद्द केला. देश कॅथलिकच आहे. परवा १० फेब्रुवारीला संत पॉलचा सण झाला. राजधानी वलेट्टाच्या अरुंद गल्लीतून खांद्यावरून मूर्ती निघाली, सज्ज्यांमधून कागदांचा पाऊस पडत होता, आणि माझ्या शेजारची म्हातारी बाई डोळे पुसत होती.

तेव्हा भावा, यादी राहू दे. फादरांना विचारून येत्या रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये अख्खा सिनेमा लाव. ज्यांनी ती क्लिप फिरवली त्यांनाही बोलाव. तुमच्याकडे साडेदहा म्हणजे इथे सकाळचे सहा. मी कॉलवर असेन.