सुप्याच्या बाजारात जाळलेली कर्जखतं

ऑगस्ट आला की कुणीतरी लिहितंच, "काही म्हणा, इंग्रजांनी कायद्याचं राज्य दिलं." 'इंग्रजांनी रेल्वे दिली' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, वेळ जातो नुसता. पण हे कायद्याचं राज्य आमच्या कुणब्याच्या दारात कसं पोचलं ते बघायचं असेल, तर सुप्याला चला. पारनेरचं एमआयडीसीवालं सुपे नव्हे. बारामती तालुक्यातलं, 'पुणे-सुप्याची जहागीर' म्हणतो ना, ते.

१२ मे १८७५. सुपे हे बाजाराचं गाव. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी तिथं जमले आणि गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर गेले. मागणी एकच: वह्या आणि कर्जखतं बाहेर काढा. हाती लागली ती जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही घरंही पेटवली. पण रोख माणसांपेक्षा कागदावर जास्त होता. बघता बघता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हेच झालं. आधीच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करड्यात काळूराम नावाच्या सावकारावर गावानं बहिष्कार घातला होता, तेव्हाच ठिणगी पडलेली.

आता नुसतं एवढंच सांगितलं, तर गोष्ट आपल्या ओळखीची वाटते. दुष्ट सावकार, पिचलेला शेतकरी. गोऱ्या साहेबाचं या गोष्टीत नावच नाही! इथंच माझा आक्षेप आहे.

पेशवाई काही सोन्याची नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात वसुलीचे मक्ते जात आणि मक्तेदार रयतेला पिळून काढत. सावकारही तेव्हा होतेच. पण पैसे अडले की सावकाराला कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, दारात धरणं धरून बसावं लागे, पाटलाला आणि पंचांना मध्ये घालावं लागे. मुद्दलाच्या दुपटीवर वसुली नको, हा दामदुपटीचा रिवाज होता. गावाशी फार वाकडं घेऊन त्याचा धंदा चालत नसे.

इंग्रजांनी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे सारा, जमिनीवरचा सरकारी कर. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२८ च्या सुमारास इंदापूरकडे जमिनी मोजून असा काही आकारला, की माणसं गाव सोडून गेली. मग विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ पासून तो कमी करून तीस वर्षांसाठी ठरवून दिला. हे बरं होतं, ते कबूल. पण सारा रोखीतच भरायचा, पीक येवो न येवो. कोरडवाहू बाजरी-ज्वारीच्या मुलखात रोख कुठून आणायची? सावकाराकडून.

दुसरी गोष्ट कोर्ट. जमिनीवरचा हक्क आता विकता येत होता, म्हणजेच गहाण टाकता आणि जप्त करता येत होता. सावकाराला धरणं धरायची गरजच उरली नाही. मुन्सफाच्या कोर्टात दावा लावायचा. कुळाला वाचता येत नाही, तारखेला जायला पैसा नाही. निकाल बहुतेक एकतर्फी. मग हुकूमनामा, जप्ती, नाहीतर कर्जापायी दिवाणी तुरुंग. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली, म्हणे रयतेच्या भल्यासाठी. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवं खत लिहून घेतलं. दामदुपटीचा रिवाजही त्यातच बुडाला.

त्यात अमेरिकेत यादवी झाली. १८६१ ते ६५ इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाचे भाव चढले, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला. आणि नेमक्या त्याच वेळी साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ पासून नवी आकारणी सुरू झाली आणि कित्येक गावांचा सारा पन्नास टक्क्यांच्याही वर चढला. मुंबई सरकारला स्वतःलाच ती वाढ इतकी जड वाटली, की १८७४ मध्ये तिला मर्यादा घालावी लागली.

तरीही दंग्यांच्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष काय? सरकारी सारा हे कारण नाही, दोष सावकारांचा. आयोगातल्या ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपण लिहून साऱ्याच्या वाढीवर बोट ठेवलं, पण ते बाजूलाच राहिलं. सरकारनं नेमलेल्या आयोगानं सरकारला निर्दोष सोडलं आणि आपण तेच घोकत बसलो.

सावकारांची बाजू मी घेत नाहीये. कोऱ्या कागदावर अंगठे घेणारे होतेच. आणि शेतकऱ्यांनी परक्या मुलखातल्या सावकारांना गाठलं, गावच्या बामण सावकारांना बरेचदा सोडलं, हेही आयोगाच्या नोंदीत आहे. ते लपवू नये. पण त्या सावकाराच्या मागं जप्तीचा बेलिफ कुणाचा उभा होता?

दंगा १८७५ चा. लगेच १८७६ ला पाऊस गेला, दख्खनभर दुष्काळ पडला. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रतल (जेमतेम अर्धा किलो) धान्य पुरे, असं ठरवलं. ते पोटाला पुरेना म्हणून माणसं कामं सोडून उठली. पुण्याची 'सार्वजनिक सभा' ही संस्था सरकारकडे अर्जांवर अर्ज करत होती. व्याज तपासण्याचा आणि कुळाला तुरुंगात न टाकण्याचा कायदा, तोही फक्त पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांपुरता, आला १८७९ साली. तोवर दुष्काळ होऊनही गेला होता आणि वासुदेव बळवंत फडक्यांचं बंडही.