१०४ची शिदोरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

बक रेग्युलेटरमधल्या (जास्त व्होल्टेज उतरवून कमी करणाऱ्या सर्किटमधल्या) बूटस्ट्रॅप कॅपॅसिटरवरच्या, म्हणजे वरचा स्विच चालू ठेवायला लागणाऱ्या छोट्या कॅपवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही तीन टोले हाणलेत. एक, कॅपॅसिटर व्होल्टेज ‘पंप करतो’ हे चूक. दोन, कळव्याला तुमच्या टेबलावर एलएम२५९६ या बक चिपची मॉड्यूल अशा कॅपशिवाय वर्षानुवर्षं चालताहेत, मग ‘प्रत्येक बकला तो लागतोच’ हे कशावरून? तीन, लागतच असेल तर १०४ची (१०० नॅनोफॅरडची) कंजुषी कशाला? तुम्ही १० मायक्रोफॅरड लावलाय आणि बोर्ड चालतोय.

दुसऱ्या मुद्द्यावर कान पकडतो. एलएम२५९६च्या पोटात मॉसफेट नाही, बायपोलर ट्रान्झिस्टर आहे. त्याला हा कॅप लावायची बूट पिनच नसते. त्या बदल्यात ३ अँपिअरला स्विचवरच व्होल्टभराहून जास्त जातो. वरचा, म्हणजे इनपुटकडचा, स्विच पी-चॅनेल मॉसफेट असेल तरीही हा कॅप लागत नाही. ‘प्रत्येक’ हा शब्द लेखातून काढलाय.

‘पंप’ शब्दही मागे घेतो, पण काम मात्र तेच राहतं. २४ व्होल्टवरून ५ करणारा बोर्ड घ्या. वरचा एन-चॅनेल मॉसफेट चालू झाला की त्याचा सोर्स (आउटपुटकडचं टोक) २४ला जाऊन बसतो. गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) त्याच्याही वर पाचेक व्होल्ट हवं, म्हणजे २९. बोर्डावर २९ कुठेच नाहीत! म्हणून हा कॅप गडावर निघालेल्या माणसासारखा पायथ्याशीच शिदोरी बांधून घेतो. खालचा, ग्राउंडकडचा मॉसफेट चालू असतो तेव्हा स्विच नोड (दोन मॉसफेटांमधला जोड) जमिनीला टेकलेला असतो. तेवढ्यात चिपच्या स्वतःच्या ५ व्होल्टच्या लाइनमधून डायोडवाटे कॅप भरतो. नोड वर उसळला की कॅप त्याच्यासोबत वर जातो आणि डायोड परतीचं दार लावून घेतो. कॅपच्या दोन टोकांत फरक पाचाचाच राहतो. त्यामुळे त्याला ५० व्होल्टचं रेटिंग लागत नाही. १६ किंवा २५चा एक्स७आर (सिरॅमिक कॅपचा एक प्रकार) पुरतो.

आता १० मायक्रोफॅरड. गेटला एका वेळी २० नॅनोकुलोम लागले, तर १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरडवरचं व्होल्टेज ०.२ने उतरतं. पाचातले ०.२ गेले तर मॉसफेटला कळतही नाही. शंभरपट कॅपने तुम्ही वाचवलेत ते हेच ०.२. उलट तो पहिल्यांदा भरताना ५ व्होल्टच्या लाइनवर धाड पडते. त्या लाइनवर बऱ्याचदा १ मायक्रोफॅरडचाच कॅप असतो आणि तो बूटस्ट्रॅपच्या दहापट असावा असा साधा अंदाज आहे. तुम्ही तर कळशीतून पिंप भरायला निघालात. बोर्ड चालतोय, मान्य. पण दर स्टार्टला आतला डायोड हा मार खातोय. आउटपुट इनपुटच्या जवळ असेल, समजा १२वरून १०.५, तर ५०० किलोहर्ट्झला खालच्या मॉसफेटला जेमतेम पाव मायक्रोसेकंद मिळतो. एवढ्यात भरणार किती?

वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंग मशीनचं कार्ड माझ्याकडे आलं होतं. आउटपुट तीनेक व्होल्ट, वरच्या मॉसफेटला बोट लावता येईना. हाच कॅप तडकला होता. (आधी मी इंडक्टर बदलला. हसा.) गेट वर जाईना, म्हणून मॉसफेट अर्धवट उघडा राहून सगळा फरक स्वतःच्या अंगावर जाळत होता. बऱ्याच चिप बूटचं व्होल्टेज कमी पडलं की वरचा स्विच बंदच ठेवतात. त्या कार्डातली जुनी चिप तशी नव्हती.

तुमचा बोर्ड तपासायचा असेल तर बॅटरीवरचा मल्टिमीटर बूट पिन आणि स्विच नोड यांच्यामध्ये लावा. साडेचार-पाच दिसायला हवेत. फक्त स्कोपची ग्राउंड क्लिप स्विच नोडला अडकवू नका. ती अर्थला जोडलेली असते; तुमच्या सप्लायचा मायनसही अर्थला असेल तर सरळ शॉर्ट होईल.