“पांड्याला काय पाजता?” : एक स्टारच्या रिव्ह्यूला तबेल्याकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीतच देतो. ऑस्ट्रेलियातल्या मेल्टनजवळ तबेला टाकल्यापासून आम्हाला मराठीत आलेला हा पहिलाच रिव्ह्यू, आणि तोही एक स्टारचा. बायकोला वाचून दाखवला तर म्हणाली, “शुद्धलेखन मात्र चांगलंय हो.”

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जो घोडा (आमचा पांड्या) आधीच्या तबेल्यात ओळीने ११ शर्यतींत मागच्या तिघांत आला, तो आमच्याकडे येऊन ५ पैकी ३ शर्यती जिंकतो, म्हणजे आम्ही त्याला काहीतरी पाजतो, नाहीतर आधीच्या ट्रेनरशी ठरवून त्याला मुद्दाम मागे ठेवलं होतं. यात तुमचे पैसे बुडाले. आणि तुम्ही लेकीला घेऊन तबेल्यावर आलात तेव्हा मी तिच्या हातातलं चॉकलेट हिसकावून घेतलं, वर ओरडलो. चॉकलेटचं शेवटी लिहितो. ते मला जास्त लागलंय.

तुम्हाला ही शर्यत ठाऊक आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ही महालक्ष्मीसारखी, जॉकी पाठीवर बसतो ती रेस नव्हे. इथे घोड्यामागे दोन चाकांची हलकी सल्की असते आणि तीत ड्रायव्हर बसतो. (आमच्या माण-खटावकडे छकडा हाणणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात, हे इथल्या लोकांना सांगितलं की ते हसतात.) घोडे स्टँडर्डब्रेड जातीचे. पांड्या पेसर आहे, म्हणजे उजवीकडचे पुढचा-मागचा दोन्ही पाय एकदम पडतात, मग डावीकडचे दोन्ही. सारंगखेड्याच्या बाजारात जिला रेवाल म्हणतात, त्या चालीची ही चुलत बहीण समजा. चाल मोडून घोडा चौखूर उधळला की ड्रायव्हरने त्याला आवरून परत चालीवर आणायचं असतं, आणि तोवर बाकीचे कुठल्या कुठे गेलेले असतात.

पांड्या आला मार्चच्या सुरुवातीला. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पांड्या हे आमचं. आधीच्या ट्रेनरकडे चाळीसेक घोडे आहेत, माझ्याकडे नऊ. पांड्या ट्रेलरमधून उतरायच्या आधीच त्या माणसाचा फोन आला होता : “खायला नाटकं करतो, पट्टा आवळताना चावतो, बघ तुला काही सापडतंय का.” ज्याला घोडा मुद्दाम मागे ठेवायचा असतो तो असा फोन करत नाही. घोडा हलवायचं मालकांनी ठरवलं. त्याची महिन्याची फी गेली, ती मला मिळायला लागली. संगनमताचं एवढं पुरे.

पहिल्या रात्री मी चंदीची बादली लावली आणि समोर उकिडवा बसून राहिलो. पांड्याने ओटचे दोन घास खाल्ले, तोंड वर काढलं, मान पुढे ताणली, वरचा ओठ उलटा केला आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे बघत उभा राहिला. लसूणघास टाकल्यावर मात्र तो निवांत चघळत बसला. अर्ध्या तासाने परत बादलीत तोंड, परत दोन घास, परत कोपरा. सकाळी पोटपट्टा आवळायला गेलो तर कान मागे आणि दात बाहेर. पोरगा म्हणाला, खोडी आहे त्याला. खोडी नव्हती, पोट दुखत होतं.

डॉक्टरांना बोलावलं. घोड्याच्या पोटात बघायचं म्हणजे रात्रभर उपाशी ठेवायचं आणि नाकातून तीन मीटर लांबीची दुर्बीण आत सोडायची. पडद्यावर मी स्वतः बघितलं. पोटाच्या वरच्या अर्ध्या भागात, जिथे अस्तर पांढरट असतं, तिथे पिवळट-लाल चट्टे होते आणि दोन ठिकाणी रक्त. माणसाचं पोट खाण्याच्या वेळी जास्त आम्ल करतं, घोड्याचं मात्र खाल्लं काय, न खाल्लं काय, दिवसरात्र आम्ल करतच असतं, कारण ते जनावर दिवसभर चरण्यासाठी घडलंय. पोटाच्या खालच्या भागाला आम्लापासून संरक्षण असतं, वरच्याला नसतं. घोडा वेगात धावतो तेव्हा पोटाचे स्नायू आवळले जातात आणि आम्ल वर उसळतं. त्यात सकाळी रिकाम्या पोटी काम आणि खुराकात धान्य जास्त, वैरण कमी असेल तर पोटाला जखमा होणारच. हा आजार शर्यतीच्या घोड्यांत सर्रास आढळतो. तो आधीच्या तबेल्यातच झाला असं मी म्हणणार नाही. माझ्याकडच्या नऊंतल्या तिघांना तो होऊन गेलाय, आणि त्यातल्या एकाचा माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

तेव्हा काय पाजतो, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की ओमेप्राझोल पाजलं, पेस्टच्या रूपात, २८ दिवस, रोज सकाळी उपाशीपोटी. तुमच्या-आमच्या घरात ॲसिडिटीवर असतं तेच. या काळात एकही शर्यत नाही. ओट जवळजवळ निम्मे केले. कामाला जुंपायच्या आधी लसूणघासाच्या दोन ओंजळी द्यायला लागलो, म्हणजे पोटात वैरणीचा थर राहतो आणि आम्ल वर उसळत नाही. शिवाय लसूणघासात कॅल्शियम भरपूर, तेही आम्ल मारतं. दुपारनंतर त्याला बाहेर कुरणात सोडायचो, आमच्या निवृत्त म्हाताऱ्या घोडीबरोबर. तिने त्याला पहिल्याच दिवशी एक लाथ घातली आणि तेव्हापासून तो तिच्या सावलीसारखा फिरतो. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा चट्टे भरून आले होते. दोन्ही वेळच्या बिलावर मालक कुरकुरले, ते वेगळं.

दाताचं छोटं प्रकरण होतं. डावीकडे पहिल्या दाढेच्या पुढे एक निरुपयोगी बारका दात असतो, काहींना येतो, काहींना येत नाही. इथल्या शर्यती डाव्या वळणाच्या. वळणावर डावी दोरी ओढली की तोंडातलं कडियाळं त्या दातावर आपटायचं, म्हणून हा मान उजवीकडे टाकून बाहेर जायचा. दात काढला, बाहेर जाणं थांबलं. हॉपल, म्हणजे एका बाजूचे पुढचे-मागचे पाय चालीत ठेवणारे पट्टे, ५७ इंचांवर होते ते ५८ केले. आता पाऊल मोकळं पडतं. साजातला बदल रीतसर कळवलेला आहे.

आता त्या तीन विजयांकडे जरा थंड डोक्याने बघू या. ११ वेळा मागे पडल्यामुळे त्याचं रेटिंग घसरलं होतं, म्हणून तो आमच्याकडून पळाला ते खालच्या वर्गात. त्या ११ पैकी ७ शर्यतींत त्याला सुटताना दुसऱ्या रांगेतली जागा मिळाली होती आणि उरलेल्या चारही त्याने डेथ सीटवर काढल्या. डेथ सीट म्हणजे सर्वांत पुढच्या घोड्याच्या बाहेरून पळायचं, समोर वारा अडवायला कोणी नाही आणि प्रत्येक वळणावर अंतर जास्त. नाव उगाच नाही पडलं. आमच्याकडची त्याची पहिली जिंकलेली शर्यत १७२० मीटरची होती, जागा पुढच्या रांगेत दुसरी, सुटल्या सुटल्या आघाडी, कोणी त्रासच दिला नाही. दुसरीत तो शेवटच्या सरळीपर्यंत दुसऱ्या घोड्याच्या आडोशाने आला. तिसरी त्याने मानेच्या फरकाने काढली, तीही आतला घोडा अडकला म्हणून.

आणि वेळ बघा. पहिल्या विजयात त्याचा मैलाचा, म्हणजे १६०९ मीटरचा दर होता १ मिनिट ५७.८ सेकंद. आधीच्या तबेल्यात वर्षापूर्वी, ही पडझड सुरू व्हायच्या आधी, तो १ मिनिट ५६.९ च्या दराने पळून पाचवा आला होता. म्हणजे जिंकला तेव्हा तो हरला होता त्यापेक्षा हळू पळाला! मी पाजलेल्या औषधाने घोडा हळू झाला असेल तर माझ्यासारखा अडाणी मीच. राहिलेल्या दोन शर्यतींबद्दल तुम्ही अवाक्षरही लिहिलं नाहीत. एकीत त्याने सुटतानाच चाल मोडली आणि शेवटचा आला, दुसरीत सहावा.

तपासणीचंही सांगतो. या खेळात खाण्याचा सोडा, साखर आणि पाणी नळीने पोटात घालायची एक जुनी लबाडी आहे, तिला इथे मिल्कशेक म्हणतात. थकवा उशिरा यावा म्हणून करतात. ती पकडायला शर्यतीआधी रक्त घेऊन त्यातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात, मर्यादा लिटरमागे ३६ मिलिमोल. पांड्याचं रक्त दोनदा घेतलं, आणि तिन्ही विजयांनंतर लघवीचा नमुनाही. काही निघालेलं नाही. घोड्याची कामगिरी एकदम सुधारली की स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, ट्रेनरला विचारतात, मलाही विचारलं. मी डॉक्टरांचा रिपोर्ट पुढे ठेवला. तुम्हाला जो संशय आला तो त्यांनाही आला, यात मला राग नाही. ते त्यांचं कामच आहे. त्यांचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात, एकदा नजर घाला.

मला स्वतःला विचाराल तर सर्वांत मोठं श्रेय मी त्या चार आठवड्यांच्या विश्रांतीला देईन, मग पोटाला, मग सोप्या वर्गाला. माझ्या कसबाचा नंबर त्यानंतर. आजोबांकडे शर्यतीचे बैल होते, ते म्हणायचे, दावण बदलली की जनावर दोन महिने पाव्हणं असतं, तिसऱ्या महिन्यात खरं कळतं. पांड्याचा तिसरा महिना आत्ता कुठे सुरू झालाय, रेटिंगही वर गेलंय. पुढच्या वेळी जपून पैसे लावा, कुठल्याही बाजूने. बुडालेल्यांचं मी काही करू शकत नाही.

आता चॉकलेट. तुम्ही आलात तो शुक्रवार होता आणि दुसऱ्या दिवशी रात्री त्याची शर्यत होती. चॉकलेटात थिओब्रोमाइन आणि कॅफीन असतं, दोन्ही या शर्यतींत बंदी असलेले पदार्थ, आणि ते लघवीत उतरतात. प्रेमाने दिलं की लबाडीने, हे नमुन्याला कळत नाही. जबाबदार धरतात ट्रेनरला. माझी माणसं चहासुद्धा फाटकाबाहेर पितात, मी पण. म्हणून तिचा हात त्याच्या तोंडाशी गेलेला दिसला तसा मी धावलो. धावलो ते बरोबर, पण ओरडलो ते चुकलं. सात-आठ वर्षांचं लेकरू, घोड्याला खाऊ द्यायला इतक्या लांब आलेलं. समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. आणि फाटकावर तशी पाटीही नव्हती. आता इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही लावली आहे. तिची माफी मागतो, तुमचीही.

रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही. येत्या रविवारी शर्यत नाहीये. सकाळी सातच्या सुमाराला पांड्याचं काम उरकतं, त्यानंतर खरारा. फोन करून या, पायात बूट घालून. फाटकाच्या डाव्या हाताला गाजरांची बादली असते. लेकीला सांगा, गाजर उभं चिरलेलं घ्यायचं, तळहात सपाट ठेवायचा आणि म्हाताऱ्या घोडीला आधी द्यायचं, नाहीतर ती पांड्याला खाऊ देत नाही.