सालीतला तिखटपणा आणि गुळवेलीचा वाद

मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. एका बाजूला परंपरेचा अपमान झाल्याची भावना, दुसऱ्या बाजूला परंपरेचीच टिंगल, असे त्या वादाचे स्वरूप अजूनही दिसते. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये राहून तो वाचताना मला येथील एक झाड आठवते.

वॉरविक जंक्शनच्या औषधी बाजारात ‘इसिभाहा’ या झाडाची साल विकली जाते. वनस्पतिशास्त्रात ते वॉरबर्जिया सॅल्युटॅरिस. झुलू वैद्य, म्हणजे इन्यांगा, मिरीसारखी झणझणीत असलेली ही साल खोकला, सर्दी आणि छातीच्या विकारांवर देतात. सालीत वॉरबर्गानल, पॉलिगोडियल, म्युझिगाडियल अशी ड्रायमेन वर्गातील सेस्क्विटर्पीन संयुगे, म्हणजे वनस्पतींत तयार होणारी एक प्रकारची सेंद्रिय रसायने, असतात. त्यांच्या रेणूतील दोन आल्डिहाइड गट, म्हणजे सहज क्रिया करणारे अणूंचे गट, प्रथिनांमधील अमिनो गटांशी सहज जोडले जातात आणि सालीचा तिखटपणा, प्रयोगशाळेत दिसलेला बुरशीनाशक परिणाम, तसेच अळ्यांनी खाणे सोडून देणे, या साऱ्यांचा संबंध या गुणाशी लावला जातो. इतका क्रियाशील रेणू केवळ ‘नैसर्गिक’ म्हणून माणसाच्या पेशींना अपाय करणार नाही, असे मानायला आधार नाही. आणि त्या वैद्यांचे ज्ञान पोकळ आहे, असे म्हणायलाही नाही.

गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, ही मंत्रालयाची शंका रास्त होती. मात्र ही नेमकी कोणती जात, हा प्रश्न काढ्याची पुडी विकणाऱ्यालाही विचारायला हवा होता, आणि तो फारसा कोणी विचारला नाही.

इसिभाहाची साल खोडाभोवती सर्व बाजूंनी सोलली की झाड वाळते. झिंबाब्वेतील जंगलांतून ते जवळपास नाहीसे झाले आहे. पानांतही सालीशी मिळतेजुळते गुण आढळल्यामुळे क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील वैद्यांना रोपे देऊन पाने वापरण्यास प्रोत्साहन दिले गेले. मला हा उपाय कोणत्याही बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात वैद्याला गुन्हेगार ठरवलेले नाही.

आपल्याकडे अशोकारिष्टासाठी लागणारा सीता अशोक असाच दुर्मीळ झाला आणि त्याच्या सालीत खोट्या अशोकाची साल मिसळली जाऊ लागली. म्हणजे झाड संपत जाते तशी भेसळ वाढते, आणि रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न जंगलापासूनच सुरू होतो. पुडीतील वनस्पतीची जात आणि तिचा वापरलेला भाग यांची तपासणी सक्तीची असावी, एवढी मागणी तरी दोन्ही बाजूंनी एकत्र करायला हरकत नसावी.