सामूहिक पराभव, वैयक्तिक दंड

रविवारी इथे दुपारचा दीड वाजला की कराडात सकाळचे आठ वाजलेले असतात. दादाचा चहा झालेला असतो, माझं जेवण. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. आमच्या घराण्यातल्या काँग्रेसचा शेवटचा शिलेदार, कारण तात्यांचे गुडघे गेले आणि मी मेलबर्नला आलो. गेल्या रविवारी मी पुन्हा तो विषय काढला. विधानसभेला वर्ष उलटून गेलं, पण पक्षात कुणी उभं राहून 'हे माझं चुकलं' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. दादा शांतपणे म्हणाला, "पराभव सामूहिक असतो. जबाबदारीपण सामूहिकच."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. विजय मिळाला की फ्लेक्सवर एकाचाच चेहरा बाराफुटी आणि हरलो की सगळे समूहात. 23 नोव्हेंबर 2024 ला निकाल लागला. काँग्रेसला 288 पैकी 16 जागा. पाचच महिने आधी लोकसभेला याच पक्षाचे 13 खासदार निवडून आले होते. आमच्या कराड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण 39 हजारांवर मतांनी पडले, संगमनेरात बाळासाहेब थोरात पडले, खुद्द प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत वाचले ते 208 मतांनी. सातारा जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा महायुतीकडे. यशवंतरावांच्या जिल्ह्यात! प्रीतिसंगमावर नतमस्तक व्हायला सगळेच जातात. पुढे त्या घाटावरून उठून कोण कुठल्या पक्षात जातो, ते कृष्णेला आणि कोयनेलाच ठाऊक.

आणि मग काय झालं? दिल्लीची वाट पाहिली. आधी मतदान यंत्रांवर बोट, मग मतदारयाद्यांवर. (याद्यांची चौकशी व्हावी, जरूर व्हावी, मी त्याच्या आड येत नाही.) नागपूरच्या एका पराभूत उमेदवाराने तर प्रदेशाध्यक्षच संघाचे एजंट आहेत असा आरोप करून टाकला. 13 फेब्रुवारी 2025 ला दिल्लीहून पत्रक निघालं: हर्षवर्धन सपकाळ प्रदेशाध्यक्ष, विजय वडेट्टीवार विधिमंडळ पक्षनेते. निकालापासून मोजले तर 82 दिवस. 2009 साली काँग्रेसच्या आमदारांची संख्याही 82 होती. योगायोगच, पण मला झोंबला.

इथे ऑस्ट्रेलियात 3 मे 2025 ला संसदेच्या निवडणुकीत लिबरल पक्ष आपटला. पक्षनेते पीटर डटन स्वतःच्या डिक्सन मतदारसंघात हरले. त्याच रात्री माईकसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं, प्रचारात आम्ही कमी पडलो, पूर्ण जबाबदारी माझी. दहाव्या दिवशी पक्षाच्या खासदारांनी एका खोलीत बसून गुप्त मतदान केलं. सुसान ली 29, अँगस टेलर 25. विषय संपला. मी राहतो त्या टार्नीटहून ट्रेनमध्ये बसलो तेव्हा नेता नव्हता, सदर्न क्रॉसला उतरून कॉफी घेऊन ऑफिसात पोचेपर्यंत होता.

हे सगळं मी दादाला तेव्हाही ऐकवलं होतं, गेल्या रविवारी पुन्हा ऐकवलं. माझ्या आवाजात तो एक सूर येतो. बायको त्याला 'एअरपोर्टवरचा आवाज' म्हणते. मुंबईला उतरल्यावर ट्रॉली मिळाली नाही की येतो तो.

दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आन् तुमच्या राज्यात काय चाललंय रं?"

आता हा डाव मला अपेक्षित नव्हता. दादाचा मुलगा इथे शिकायला यायचं म्हणतोय, त्यामुळे घरात सध्या व्हिक्टोरियाच्या बातम्या वाचल्या जातात. नोव्हेंबर 2018 ला व्हिक्टोरियात लिबरल हरले, तेव्हापासून नेते मोजायला त्याने मला लावलं. मॅथ्यू गाय गेले, मायकेल ओब्रायन आले. त्यांना काढून पुन्हा मॅथ्यू गाय. ते 2022 ला पुन्हा हरले. मग जॉन पसुटो. मग ब्रॅड बॅटिन. आणि 18 नोव्हेंबर 2025 ला, बॅटिनना वर्षही पुरं होऊ न देता जेस विल्सन. सात वर्षांत पाच वेळा नेता बदलला. महाराष्ट्र काँग्रेसने त्याच काळात अशोक चव्हाणांनंतर थोरात, पटोले आणि सपकाळ असे तीनच अध्यक्ष पाहिले. "म्हंजे आमी तुमच्यापेक्षा स्थिर," दादा म्हणाला आणि पलीकडे वहिनी हसल्याचं ऐकू आलं.

पसुटोंची गोष्ट तर मी त्याला सांगितलीच नव्हती, त्याने मला सांगितली. त्यांनी पक्षाच्याच आमदार मोइरा डीमिंग यांना बाहेर काढलं. बाईंनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, कोर्टाने तीन लाख डॉलरची भरपाई दिली आणि खटल्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. बाईंना परत घ्यायचं का, यावर पक्षात 14 विरुद्ध 14 मतं पडली. पसुटोंनी अध्यक्ष म्हणून आपलं जादा मत विरोधात टाकलं आणि आठवड्याभरात त्यांचंच पद गेलं. पुढे ते दिवाळखोरीत निघू नयेत म्हणून पक्षाने त्यांना साडेपंधरा लाख डॉलर कर्जाऊ दिले. पंधरा लाख म्हटल्यावर आपल्या लोकांना वेगळंच काही आठवतं, ते दादालाही आठवलं. एवढी सगळी मतदानं करूनही या पक्षाने 1999 पासून व्हिक्टोरियात सत्ता भोगली ती जेमतेम चार वर्षं, हेही त्यानेच काढलं.

तरी मी हटलो नाही. हटायचं नाही हे घराण्यातच आहे. माझा मुद्दा नेता किती वेळा बदलला हा नव्हताच, असं मी आता म्हणू लागलो. मुद्दा तो कोण बदलतं हा आहे. बॅटिनना त्यांच्याच आमदारांनी पाडलं, ज्यांच्याबरोबर ते दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात बसणार होते. आपल्याकडे आमदार जमतात, हॉटेलात चहा घेतात आणि एका ओळीचा ठराव करतात: सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना. भांडण गल्लीत, निकाल दिल्लीत. मग भांडण मिटेल कसं? हरलेल्याला कळत नाही आपण किती मतांनी हरलो आणि जिंकलेल्याला कळत नाही आपल्यामागे कोण आहे. 2023 ला सत्यजित तांबेंच्या पदवीधर उमेदवारीवरून थोरात-पटोले वाद झाला, थोरातांनी विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला. त्यात कोण बरोबर होतं, हे आमदारांना कुणी विचारलंच नाही. पवारांच्या राष्ट्रवादीत तरी काय वेगळं? प्रदेशाध्यक्ष जयंत पाटलांनी 2025 च्या जूनमध्ये भर सभेत मोकळं करा म्हटलं, जुलैत त्यांच्या जागी शशिकांत शिंदे आले. हे शिंदे 2024 या एकाच वर्षात साताऱ्यातून लोकसभाही हरले आणि कोरेगावातून विधानसभाही. माणूस कष्टाचा आहे, माझं वैर नाही. पण निवडला कुणी?

इथे तात्यांनी फोन हातात घेतला. तात्या फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "वसंतदादांनी 85 साली मुख्यमंत्रिपद सोडलं ते ह्याच्यावरनंच. दिल्लीनं प्रभाताई रावांना परस्पर प्रदेशाध्यक्ष नेमलं म्हणून. तवा तुझा जन्म झाला होता का रं?"

झाला होता. मी सहा वर्षांचा होतो आणि तात्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मिरवणुकीला जायचो. पण मला गप्प बसवायचं असलं की तात्या माझं वय कमी करतात. दिल्लीवर रागावून खुर्ची लाथाडणारा माणूस आपल्याकडे होता, हे मी विसरलो होतो. मला फक्त डटन आठवला होता.

मग फोन परत दादाकडे. त्याने ते वाक्य टाकलं जे मला गेली बारा वर्षं कुणी ना कुणी टाकतं. "तुझं मत हाय कुठं?"

नाही. 2019 मध्ये कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, एक रोप हातात दिलं, निळा पासपोर्ट आला. जुन्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का बसून तो परत मिळाला, तो कपाटात आईच्या फोटोखाली आहे. कराड दक्षिणच्या यादीतून नाव गेलं. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर जन्मभर ये-जा करता येते, मत देता येत नाही. दादाला वाटतं की हे वाक्य मला लागतं. लागतं, पण तो समजतो त्या जागी नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये इथे आमच्या कौन्सिलची निवडणूक होती. पोस्टाने. पाकीट येऊन फ्रिजवर मॅग्नेटखाली पडलं होतं. 25 ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी सहा ही मुदत. आणि 24 तारखेला काँग्रेसची पहिली यादी येणार होती. इथे मध्यरात्र उलटून गेली होती, मी स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर 48 नावं वाचत होतो. कराड दक्षिण, संगमनेर, साकोली. कुणाला डावललं, कोण बंड करणार, कुठल्या गटाला किती. तीनपर्यंत दादाशी मेसेज चालले होते. सकाळी उठलो ते डोळे चोळत, ऑफिसला गेलो, रात्री घरी आलो. फ्रिजवरचं पाकीट मला रविवारी दिसलं.

आमच्या वॉर्डात कोण उभं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. टार्नीटच्या रस्त्यांवर सकाळी जी कोंडी होते तिच्यावर मी दररोज वीस मिनिटं शिव्या देतो, आणि ज्यांना त्यासाठी मत द्यायचं होतं त्यांच्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही. विदर्भातल्या जिल्हाध्यक्षांची नावं मात्र विचारा.

काही महिन्यांनी पत्र आलं: तुम्ही मतदान केल्याचं दिसत नाही, योग्य कारण असेल तर कळवा, नाहीतर दंड. कारण लिहायला थोडी जागा सोडली होती. मी पेन घेऊन बसलो. आजारी होतो, प्रवासात होतो, पाकीट मिळालंच नाही, सगळं सुचलं. 'घरी निवडणूक होती' असं लिहावंसं वाटलं, आणि इंग्रजीत ते कसं लिहायचं, म्हणजे कुठलं घर हे कसं सांगायचं, ते काही जमेना.

शंभरेक डॉलर ऑनलाइन भरून टाकले. दादाला अजून सांगितलेलं नाही.