८ मार्चचा उगम न्यूयॉर्कच्या संपात नाही
मार्च उजाडला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ८ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कमधील कापड-कामगार स्त्रियांनी संप केला, पोलिसांनी तो चिरडला आणि त्याच्याच स्मरणार्थ जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी १९१० साली कोपनहेगनच्या समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत ८ मार्च हा महिला दिन ठरवून घेतला. काही जण संपाऐवजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल या कपडे शिवण्याच्या कारखान्याच्या आगीचा दाखला देतात.

पहिली गोष्ट, १८५७ च्या त्या संपाचा समकालीन पुरावाच सापडलेला नाही. लिलियान कांदेल आणि फ्रान्स्वाज पिक या फ्रेंच अभ्यासकांनी १९८२ साली कथेचा माग काढला, तो १९५५ च्या फ्रेंच कम्युनिस्ट वृत्तपत्रांपाशी थांबला. शिवाय ८ मार्च १८५७ हा रविवार, म्हणजे सुट्टीचा दिवस होता, हे पंचांग उघडून कोणालाही पडताळता येईल.

कोपनहेगनच्या ठरावात तारीखच नव्हती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी दरवर्षी एक दिवस पाळावा, एवढेच त्यात म्हटले होते. अमेरिकेचा प्रभाव मात्र नाकारता येत नाही, कारण तेथील समाजवादी पक्षाने २८ फेब्रुवारी १९०९ रोजीच राष्ट्रीय महिला दिन पाळला होता. ८ मार्च ठरलाच असता, तर १९११ साली जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड येथे पहिला महिला दिन १९ मार्चला का झाला असता?

ट्रँगलची आग २५ मार्च १९११ ची, म्हणजे त्या पहिल्या दिनानंतर सहा दिवसांची. तिच्यात १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. त्यांचे स्मरण अवश्य व्हावे, पण या दिवसाचा उगम म्हणून नव्हे.

जर्मनीत १९१४ साली महिला दिन ८ मार्चला झाला खरा, पण ही तारीख कायम झाली ती रशियाच्या तेव्हाच्या राजधानीमुळे, पेट्रोग्राडमुळे. १९१७ साली जुन्या रशियन पंचांगाच्या २३ फेब्रुवारीला, म्हणजेच ८ मार्चला, विबॉर्ग भागातील कापड गिरण्यांच्या कामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. क्रांतिकारी बोल्शेविक पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी संप नको असे बजावले असतानाही त्यांनी काम थांबवले आणि शेजारच्या धातुकारखान्यांतील पुरुषांनाही बाहेर काढले. आठवड्याभरात झारने सिंहासन सोडले. या संपकरी स्त्रियांच्या स्मरणार्थ १९२१ साली मॉस्कोतील कम्युनिस्ट स्त्रियांच्या परिषदेने ८ मार्च निश्चित केला. एका न घडलेल्या संपासाठी या खऱ्या संपकरी स्त्रियांना विसरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने सुरू केला, हेही चूक आहे. १९७७ च्या त्यांच्या ठरावाने आधीपासून चालत आलेल्या दिवसाला मान्यता दिली, आणि तारीख निवडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक देशाकडेच ठेवले.