विमान का धुवायचं? देवगडकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

देवगडकर, नमस्कार.

लहान खासगी विमानं धुण्याबद्दल आणि त्यांना वॅक्स लावण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे श्रीमंतांचे चोचले आहेत. एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट बघत असताना विमानावर पाणी ओतणं शोभत नाही. चार महिने पाऊस फुकटात धुऊन काढतोच. आमच्या होड्या जन्मभर खाऱ्या पाण्यात असतात, त्यांना कोण वॅक्स लावतं? गाडी धुणारा कुठलाही पोरगा हेच काम अर्ध्या पैशात करील. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की ते साबणाचं तेलकट पाणी जातं कुठे.

होड्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही माझीच बाजू मांडली आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या काळात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात जायच्या आधी तळ खरवडणं, फटी भरणं, तेल-रंग हे सगळं होतं. देवगडात कुणी त्याला चोचले म्हणत नाही. खाऱ्या हवेत राहणाऱ्या वस्तूची निगा राखावी लागते, हे तुमच्या घरच्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. विमानाचं वेगळं काही नाही. फरक इतकाच, की होडीची फळी चांगली जाड असते आणि लहान विमानाचा पत्रा बहुतेक ठिकाणी पुरता एक मिलिमीटरही नसतो.

त्या पत्र्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं उत्तर तिथेच आहे. सेस्ना या अमेरिकन कंपनीच्या लहान विमानांसारख्या विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. त्यात तांबं मिसळलेलं असतं, त्यामुळे ताकद येते, पण गंजण्याची प्रवृत्तीही येते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. पातळ पत्र्यात हा थर एका बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के असतो. म्हणजे पत्रा ०.८ मिलिमीटरचा धरला, तर संरक्षण ०.०४ मिलिमीटरचं. त्यावर प्रायमर आणि रंग. एवढ्या भांडवलावर ते विमान आपल्या किनाऱ्यावर उभं असतं.

आता मीठ. दुपारी खारा वारा सुटला की समुद्रावरचे बारीक तुषार वाळत वाळत आत येतात आणि मिळेल त्या पृष्ठभागावर बसतात. हे मीठ कोरडं राहिलं तर फारसं बिघडत नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून बरंच आधी ओलं होतं. कोकणात रात्रीची हवा बहुतेक वेळा एवढी दमट असतेच. त्यामुळे विमानावर मिठाच्या पाण्याचा न दिसणारा पातळ थर रोज रात्री तयार होतो. पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे एकमेकांना टेकतात तिथे हा थर दोघांना जोडतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम.

पाऊस हे धुऊन काढतो, हे अर्धंच खरं आहे. तो पंखाची वरची बाजू धुतो. पंखाची खालची बाजू, पोट, शेपटीच्या आडव्या पंखाखालचा भाग, फ्लॅपच्या (पंखामागच्या हलत्या पट्टीच्या) खाचा, बिजागऱ्या या जागांपर्यंत पावसाची धार पोचतच नाही. ओल मात्र पोचते. मीठ तसंच, वर चार महिने सुकायची सोय नाही. मी पाहिलेला गंज बहुतेक वेळा खालच्या बाजूलाच होता. वरून आरशासारखं दिसणारं विमान पाठीवर झोपून खालून पाहिलं की त्याची खरी तब्येत कळते.

म्हणूनच धुणं हे माझ्या लेखी आधी तपासणं आहे. ओल्या पत्र्यावरून उघडा हात फिरवताना रंगाखालचा बारीक फुगा बोटाला लागतो, तो डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी. रिव्हेटभोवती, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांभोवती, पांढरी पूड दिसते. स्क्रूच्या कडेपासून रंगाखाली नागमोडी रेघ सरकत गेलेली असते. धूळ आणि तेलाच्या थराखाली यातलं काहीही दिसत नाही.

एका विमानाच्या पंखाखाली, आधाराच्या दांड्यामागे, टाकीत हवा जाण्यासाठी ठेवलेल्या नळीच्या तोंडाशी मला सुकलेल्या तांबड्या मातीची लिंपण सापडली होती. कुंभारीण माशीचं घरटं. मनगटाएवढ्या जागेतली ती गोष्ट. ती नळी बुजली तर टाकीत हवा जात नाही, इंधन उतरायचं कमी होत जातं आणि शेवटी इंजिन बंद पडतं. उड्डाणाआधीच्या तपासणीत वैमानिकाने ती नळी पाहायचीच असते. पण आपल्याकडे कुंभारीण एका दिवसात घर बांधते, आणि विमान आठवडेच्या आठवडे उभं असतं. जितके जास्त डोळे तिथे जातील तितकं बरं. मी तिथल्या तिथे मालकाला आणि मेंटेनन्स इंजिनिअरला फोन केला. ती माती मी स्वतः काडीने उकरली नाही, कारण तुकडा आत ढकलला गेला असता तर पुढचं काम माझ्या हातातलं नव्हतं.

अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या गंजविषयक मार्गदर्शनात धुण्याचं अंतर हवामानानुसार दिलेलं आहे: सौम्य हवेत ९० दिवस, मध्यम हवेत ४५, आणि तीव्र हवेत १५. उष्ण, दमट आणि खारा किनारा म्हणजे तीव्र. मी मालकांना पंधरा दिवस सांगतो ते यावरून.

आणि हे किती गंभीर होऊ शकतं, त्याचं उदाहरण हवाईतलं आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चं पुढचं छप्पर हवेतच उडून गेलं. एक हवाईसेविका त्यात गेली. ते विमान वर्षानुवर्षं समुद्रावरून छोट्या फेऱ्या करत होतं, जवळजवळ ९० हजार उड्डाणं झाली होती. पत्र्याच्या जोडातला चिकटपणा सुटला, गंज आणि धातूचा थकवा दोन्ही साठत गेले. सेस्नाची केबिन त्या विमानासारखी दाबाखाली नसते, त्यामुळे तिचं छप्पर असं उडणार नाही. पण खारी हवा जोडात शिरली की काय करते, हे जाणण्यासाठी एवढं पुरे.

श्रीमंतांच्या खेळण्यांचं म्हणालात. सेस्ना १७२ बाजारात आलं १९५६ साली. १९८६ ते १९९६ त्याचं उत्पादनच बंद होतं. त्यामुळे आज जगभर उडणारी या जातीची असंख्य विमानं चाळीस-पन्नास वर्षांची आहेत, आणि त्यांत शिकाऊ पोरं-पोरी बसतात. कर्ज काढून उड्डाण शिकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या खालचा पत्रा शाबूत असणं ही चैन आहे असं मला वाटत नाही.

वॅक्सच्या बाबतीत तुमचं निम्मं मान्य. चकाकीसाठी वॅक्सची गरज नाही. सेस्नाच्या हँडबुकातही तसंच लिहिलंय: रंग चमकता ठेवायला वॅक्स लागत नाही, पण हवं असेल तर गाडीचं चांगलं वॅक्स चालतं, आणि पंखाच्या व शेपटीच्या पुढच्या कडांना, इंजिनच्या नाकाला आणि पंख्याच्या टोपीला जाड हात दिला तर तिथली झीज कमी होते. मी बरोबर तेवढंच करतो. पुढच्या कडेवर आदळलेले किडे वॅक्सवरून ओल्या फडक्याने निघतात, वॅक्स नसेल तर घासावे लागतात, आणि घासण्यात रंग जातो. खालच्या बाजूला हात देतो तो मीठ घट्ट बसू नये म्हणून. पण रंगाखाली गंज सुरू झाला असेल तर वॅक्स त्याचं काहीही करू शकत नाही. तिथे वॅक्स लावून विमान परत देणारा माणूस मालकाला फसवतो. आणि उघड्या, न रंगवलेल्या पत्र्यावर बफिंग मशीन चालवून आरसा करून मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो. ते ०.०४ मिलिमीटर दर वेळी थोडं थोडं खाल्लं जातं.

आता गाडी धुणाऱ्या पोराचं. त्याच्या कष्टाला मी कमी लेखत नाही, माझ्याबरोबर शिकणारे दोघे तिथूनच आलेत. पण गाडीची सवय विमानावर घातक ठरते. प्रेशर पंपाचा फवारा बिजागऱ्यांतलं आणि चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस उडवून तिथे पाणी भरतो. समोरची काच काच नसतेच, ॲक्रिलिक असतं. त्यावर घरातला अमोनियावाला ग्लास क्लीनर, स्पिरिट किंवा थिनर मारलात तर आत केसासारख्या चिरा पडतात, आणि मावळतीकडे उतरताना वैमानिकाला समोरचं धड दिसत नाही. तिथे आधी भरपूर पाणी सोडायचं, हातातली अंगठी काढायची, मग तळव्याने चाचपत माती सैल करायची. फडकं त्यानंतर. भांडी घासायचं लिक्विडही नको, कारण ते दाट करण्यासाठी बऱ्याचदा त्यात मीठच घातलेलं असतं. आणि डाग निघत नाही म्हणून स्टीलची घासणी कधीच घेऊ नये. तिचे लोखंडी कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती गंज धरतो.

यात सगळ्यांत गंभीर गोष्ट चिकटपट्टीची. विमानाच्या अंगावर हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रं असतात. उंची आणि वेग त्यांवरून कळतात. धुताना त्यांत पाणी जाऊ नये म्हणून ती झाकावी लागतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरूमध्ये लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या बोईंग ७५७ वर सफाईच्या वेळी लावलेली पट्टी काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची कळेना, वेग कळेना, आणि विमान समुद्रात पडलं. ७० जण होते, सगळे गेले. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला डॉमिनिकन रिपब्लिकजवळ बिर्गेनएअरचं ७५७ पडलं, १८९ माणसं. तिथे वेग मोजणारी नळी बुजली होती, बहुधा मातीचं घरटं बांधणाऱ्या माशीमुळे. आपली कुंभारीण त्याच जातकुळीतली. म्हणून मी पत्र्याच्या रंगाची पट्टी वापरत नाही. भडक लाल, लांब शेपूट सोडलेली पट्टी, लावताना मोजून कागदावर लिहायची, काढताना मोजायची, आणि शेवटी मालकाला किंवा इंजिनिअरला प्रत्येक छिद्र बोटाने दाखवायचं. माझ्या दरात जास्तीचे जे पैसे तुम्हाला दिसतात ते या अर्ध्या तासाचे आहेत.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, कारण मीही त्याच पाण्यावर राहतो. काटकसरीने एक लहान विमान दोनशे लिटरच्या एका पिंपात धुऊन होतं: हातपंपाचा फवारा, दोन बादल्या, मऊ फडकी. पाण्याशिवाय पुसायचे स्प्रे मिळतात, पण जांभ्याची तांबडी धूळ बसलेली असताना ते वापरले तर ती धूळ पॉलिश पेपरचं काम करते. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं उन्हाळ्यातलं मचूळ पाणी तर अजिबात नको, त्यापेक्षा न धुतलेलं बरं. उपाय आपल्याच डोक्यावर पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. विमान ठेवायच्या १२० चौरस मीटरच्या हँगरवर आपल्याकडच्या ३००० मिलिमीटरचं साडेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी धुवायचं तर सुमारे साडेतीन हजार लिटर लागतात. पन्हळ लावून पाच हजार लिटरची एक टाकी भरली की टँकरच्या पाण्याला हात लावायला नको. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं, छपरावरचं मीठ आणि विष्ठा त्यात जाते. मी आता नवीन काम घेताना ही टाकी आहे का, हे आधी विचारतो, आणि नसेल तर ती बसवायला सांगतो. धुणं पहाटे, मतलई वाहत असताना आणि पत्रा थंड असताना. खारा वारा सुटायच्या आत सगळं सुकवून झालेलं असलं पाहिजे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. जांभा पाणी धरून ठेवत नाही, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सांडलेलं खालच्या विहिरीत पोचायला फार दिवस लागत नाहीत, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. म्हणून इंजिन आणि पोटाखालचा तेलकट भाग मी पाण्याने धुतच नाही. खाली ट्रे ठेवून, थोड्या सॉल्व्हंटने ओल्या केलेल्या चिंध्यांनी तो आधी पुसून घेतो. ट्रेमधलं डब्यात, चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि दोन्ही वापरलेल्या इंजिन ऑइलबरोबर ते नेणाऱ्या परवानाधारकाकडे. त्यानंतरच पाणी, तेही सौम्य साबणाचं आणि फरशीवर. जिथे फरशीला उतार आणि गाळाची टाकी नाही तिथे मी फक्त साध्या पाण्याने मीठ उतरवतो, साबण काढत नाही. हे सगळीकडे असं होतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या भागात कुणी सड्यावर डिग्रीझर (तेल काढायचं रसायन) ओतताना दिसला तर अडवा, आणि मला कळवलंत तर मीही येईन.